आकाशयुद्धाचे खेळ आणि विमानाची जखम

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत संगणकावरील खेळांची चर्चा कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर थोडक्यांत असें कीं, जेथें जेथें एक मनुष्य एखाद्या घटनेची नक्कल करून दाखवितो आणि दुसरा मनुष्य ती नक्कल खरी मानून तिजकडे पाहतो, तेथें तेथें टीकाकाराला बोलण्याचा अधिकार पोंचतो. नाटक ही नक्कल आहे, कादंबरी ही नक्कल आहे, आणि आमच्या जालन्यासारख्या गांवीं, परीक्षा आटोपल्यावर संगणकापुढें जॉयस्टिकचा दांडा धरून बसलेला मुलगा जें लढाऊ विमान उडवितो, तीही एक नक्कलच आहे. फरक इतकाच कीं, नाटकाचें परीक्षण करणारे शंभर सांपडतात. या खेळांकडे मात्र वडील माणसें एक तर कौतुकानें पाहतात, नाहीं तर अभ्यास बुडतो म्हणून कपाळाला आंठ्या घालून पाहतात. परीक्षकाच्या नजरेनें सहसा कोणी पाहत नाहीं.

या खेळांच्या सर्व अंगांचा विचार करण्याचा आमचा हेतु नाहीं. ढग कसे दिसतात, इंजिनाचा आवाज कितपत हुबेहूब आहे, याविषयीं लिहिणारे लिहितील. आम्ही एकच प्रश्न घेतों: विमानाला गोळी लागली म्हणजे पुढें काय होतें? आमच्या मतें खेळाची सचोटी याच ठिकाणीं कळते. उड्डाणाची नक्कल हवेच्या गणितानें साधते. जखमेची नक्कल करितांना मात्र कर्त्याला युद्धाविषयीं स्वतःचें कांहीं मत असावें लागतें. मार लागलेलें यंत्र किती वेळ तग धरतें, कोण परत येतो आणि कोण येत नाहीं, हें ठरविणें म्हणजे युद्ध काय वस्तु आहे हें सांगणेंच होय.

आरंभीच्या खेळांत हा प्रश्न फार सोप्या रीतीनें सोडविलेला असे. विमानाला ठराविक आयुष्य दिलेलें असावयाचें, शंभर म्हणा. प्रत्येक गोळीसरशीं त्यांतून दोनचार वजा व्हावयाचे, आणि शून्य आलें कीं स्फोट. म्हणजे विमान हें यंत्र नसून पैशांची पिशवी झाली. शेवटचा पैसा जाईपर्यंत मालक पहिल्या दिवसाइतकाच श्रीमंत दिसावयाचा. ही रीत आतां मागें पडली असें मात्र कोणीं समजूं नये. २०१९ सालीं निघालेला 'एस कॉम्बॅट ७' हा जपानी खेळ घ्या. त्याचीं चित्रें पाहून डोळे दिपतात. पण विमानाचें नुकसान तेथें शेंकड्यांतच मोजून दाखवितात, आणि बहुतेक सारें आयुष्य खर्ची पडलेलें विमानही नव्या कोऱ्या विमानासारख्याच गिरक्या घेत असतें. आमच्या जुन्या संगीत नाटकांतील घायाळ वीर दोन पदें म्हणून मगच प्राण सोडी, म्हणून आम्ही त्याला हंसत आलों. पण तो निदान पदें म्हणतांना अडखळत तरी असे. अर्थात् या खेळाला आम्ही दोष देत नाहीं. तो अद्भुतरसाचा खेळ आहे आणि खरेपणाची प्रतिज्ञा त्यानें कधीं केली नाहीं. ज्यांनीं सिम्युलेटर हें नांव कपाळावर लावून घेतलें आहे, त्यांना मात्र तें नांव टाळतां येणार नाहीं.

या दिशेनें मोठें पाऊल २००१ सालीं रशियांत पडलें. ओलेग मॅडॉक्स आणि त्यांच्या मंडळींनीं दुसऱ्या महायुद्धांतील एका सोव्हिएत विमानाचें नांव देऊन 'इल-२ श्तुर्मोविक' हा खेळ काढला. त्यांत विमानाचे भाग वेगवेगळे धरले होते: डावा पंख, उजवा पंख, शेपूट, इंजिन, पेट्रोलच्या टाक्या, सुकाणूकडे जाणाऱ्या तारा. उजव्या पंखाला मोठें भगदाड पडलें कीं त्या अंगाची उचल कमी होते आणि विमान तिकडे कलूं लागतें. मग तें सरळ ठेवण्याकरितां खेळाडूला दांडा सतत डावीकडे दाबून धरावा लागतो. पांच मिनिटांत मनगट दुखूं लागतें. हा मनगटाचा शीण आम्हांला त्या खेळांतील सर्वांत खरी गोष्ट वाटली. पडद्यावर रंगविलेलें भगदाड डोळ्यांपुरतेंच असतें. ही जखम हाताला कळते. पुढें याच घराण्यांतील नव्या खेळांनीं आणि 'डीसीएस वर्ल्ड' या दुसऱ्या खेळानें हीच वाट पुढें नेली. डीसीएसच्या कर्त्यांनीं महायुद्धकालीन विमानांकरितां २०२० च्या सुमारास नवी योजना घातली. तींत गोळी कोणत्या कोनानें शिरली, वाटेंत तिला काय आडवें आलें, तिचा जोर किती उरला आणि ती कोठें जाऊन थांबली, याचा हिशेब होतो.

एक उदाहरण आमच्याच मुलुखाला जवळचें आहे. सप्टेंबर १९४८ मध्यें भारत सरकारनें हैदराबाद संस्थानावर कारवाई केली आणि जालना भारतीय फौजांच्या हातीं आलें. त्या कारवाईंत आपल्या हवाई दलानें टेंपेस्ट विमानें वापरलीं. तीं मार्क २ जातीचीं होतीं. त्यांच्या नाकांत अठरा सिलिंडरांचें वाटोळें इंजिन असे, आणि तें समोरून येणाऱ्या वाऱ्यानेंच थंड राही. 'इल-२' घराण्यांतील 'बोडेनप्लाट' या २०१९ च्या खेळांत टेंपेस्ट आहे, पण तो मार्क ५; त्याचें इंजिन पाण्यासारख्या द्रवानें थंड होतें आणि त्याकरितां लागणारा भला मोठा रेडिएटर त्याच्या हनुवटीखालीं लटकतो. त्या रेडिएटरांतून एक गोळी गेली तर विमान कोसळत नाहीं, पेटत नाहीं, पहिल्यानें आवाजही बदलत नाहीं. मागें पांढुरकी रेघ उमटूं लागते. तापमानाचा कांटा हळूहळू चढतो. कांहीं मिनिटांनीं इंजिन आंवळून बसतें. या मिनिटांत वैमानिकानें काय करावें? वेग कमी करून इंजिन थोडें अधिक जगवावें, कीं तें मरण्यापूर्वीं उंची गांठून घ्यावी, म्हणजे पुढें घसरत घसरत तरी आपल्या हद्दींत उतरतां येईल? आणि मार्क २ चा वैमानिक या विवंचनेंतून मूळचाच मुक्त होता, कारण फुटावयाला त्याच्याजवळ रेडिएटरच नव्हता. एकाच नांवाचीं दोन विमानें, एकच गोळी, आणि दोन निराळीं भवितव्यें. हा भेद जो खेळ हिशेबांत घेतो त्याला आम्ही वास्तववादी म्हणूं.

यांतून निघणारी गोष्ट अशी कीं, जखमेचा खरेपणा हा काळाचा प्रश्न आहे. गोळी लागणें आणि तिचा परिणाम दिसणें यांमध्यें जो अवधि जातो, त्यांतच सारें नाट्य असतें. वाईट खेळ हा अवधि खाऊन टाकतो. त्यांत विमान एक तर धडधाकट असतें किंवा स्फोटाच्या गोळ्यांत नाहींसें झालेलें असतें.

डोळ्यांना दिसणाऱ्या नुकसानीच्या बाबतींत मात्र आमची निराशा झाली. मोडक्या धातूच्या बाबतींत जालन्याचा रहिवासी जन्मजात परीक्षक असतो, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. येथील औद्योगिक वसाहतीच्या भट्ट्यांकडे भंगारानें भरलेले ट्रक येत असतात आणि त्याच लोखंडाची सळई होऊन बाहेर पडते. त्या भंगाराच्या ढिगांत कोणतेही दोन तुकडे सारखे दुमडलेले आढळावयाचे नाहींत. विमानाचा पत्रा बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो तर याहून लहरीपणानें फाटतो. खेळांत मात्र पंख तुटतो तो ठरलेल्या सांध्याशींच तुटतो, आणि छिद्रें एका साच्यांतून काढल्यासारखीं दिसतात. आठ दिवस खेळल्यावर तोच फाटका पंख ओळखीचा वाटूं लागतो. यंत्राला एका सेकंदांत पन्नाससाठ वेळां चित्र काढावें लागतें, तेव्हां ही काटकसर क्षम्य आहे. शिवाय विमानांत बसलेल्या मनुष्याला आपल्या शेपटाचें काय झालें हें बहुधा दिसतच नाहीं. त्याला कळतें तें हातांतल्या दांड्यावरून आणि पुढच्या कांट्यांवरून.

याहून पुष्कळ गंभीर असा एक दोष आहे आणि तो कर्त्यांच्या इतकाच खेळाडूंचाही आहे. या खेळांच्या भोक्त्यांत एक वाद नेहमीं चालू असतो. अमुक विमान शेंकडों गोळ्या खाऊन परत येत असे. मग खेळांत तें चार गोळ्यांत कसें पडतें? पुराव्यादाखल जुनीं छायाचित्रें पुढें केलीं जातात. त्यांत एक हटकून असतें: १ फेब्रुवारी १९४३ रोजीं ट्यूनिसच्या परिसरांत एका जर्मन विमानाची धडक बसून 'ऑल अमेरिकन' नांवाच्या बी-१७ बाँबफेकी विमानाचें शेपूट जवळजवळ कापलें गेलें, तरी तें आपल्या तळावर येऊन उतरलें. छायाचित्र खरें आहे, गोष्टही खरी आहे. परंतु तें छायाचित्र कोणाचें, हा प्रश्न विचारला पाहिजे. तें परत आलेल्या विमानाचें आहे. जें परत आलें नाहीं त्याचें छायाचित्र तळावरच्या मनुष्यानें कोठून काढावें?

हा प्रश्न महायुद्धाच्या ऐन धामधुमींत अब्राहम वाल्ड या गणितज्ञानें विचारला होता. मध्य युरोपांतून हिटलरच्या अंमलापासून निसटून तो अमेरिकेस गेला आणि कोलंबिया विद्यापीठांतील संख्याशास्त्राच्या एका युद्धकालीन मंडळांत काम करूं लागला. परत आलेल्या विमानांवर कोठें कोठें छिद्रें आहेत याचे तक्ते त्याच्यापुढें येत. त्याच्या गणिताचें मर्म सामान्य वाचकालाही कळण्याजोगें आहे: गोळ्या सर्वत्र लागत असतील आणि परतलेल्या विमानांच्या इंजिनावर मात्र छिद्रें कमी दिसत असतील, तर इंजिन सुरक्षित आहे असें समजावयाचें नाहीं, इंजिनाला गोळी लागलेलीं विमानें परत आलींच नाहींत असें समजावयाचें. हाच वाल्ड पुढें व्याख्यानांकरितां हिंदुस्थानांत आला आणि १९५० च्या डिसेंबरांत निलगिरीच्या डोंगरांत झालेल्या विमान-अपघातांत पत्नीसह मरण पावला. न परतलेल्या विमानांचा हिशेब जगाला शिकविणाऱ्या मनुष्याचें विमान आपल्याच देशांत एका डोंगरावर आदळावें, हा योग विलक्षण खरा.

आतां वाल्डचा हा विचार आमच्या विषयाला लावून पाहा. जुन्या छायाचित्रांवरून आणि परत आलेल्या वीरांच्या आठवणींवरून जो खेळकर्ता विमानाचा टणकपणा ठरवील, त्याचीं विमानें खऱ्याहून अधिक टणक होतील. कारण आठवणी लिहितो तो वांचलेला मनुष्य. उलट, शत्रूचीं किती विमानें पाडलीं याच्या तत्कालीन आंकड्यांवर जो भिस्त ठेवील, त्याचीं विमानें खऱ्याहून ठिसूळ होतील. कारण धूर सोडीत ढगांत शिरलेलें विमान पडलेंच असें मानण्याकडे लढणाऱ्या वैमानिकाचा प्रामाणिक कल असतो आणि त्यामुळें असे आंकडे नेहमींच फुगत. दोन्ही साक्षी एकांगी आहेत. म्हणून आम्ही गणिताच्या बाजूचे आहों. गोळीचें वजन, पत्र्याची जाडी, तिच्या वाटेवरचा दोर किंवा नळी, येथून आरंभ करून निकाल जो निघेल तो निघो. आवडत्या विमानाचा लौकिक राखण्याकरितां त्यांत मागाहून ढवळाढवळ नको. खेळाडूंच्या ओरडीला भिऊन आज एक विमान बळकट करावें आणि उद्यां दुसरें दुबळें करावें, हा प्रकार म्हणजे प्रेक्षकांच्या टाळ्यांवर नाटकाचा शेवट बदलण्यासारखा आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें अधिक जिव्हाळ्याचा असा एक नमुना डीसीएसमध्यें २०१४ पासून आहे, तो मिग-२१ बिस. नाशिकजवळ ओझर येथें हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यांत मिग-२१ च्या अनेक जातींचीं विमानें घडलीं. त्यांचीं इंजिनें ओरिसांतील कोरापुटला होत आणि सांगाडे ओझरला. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगडला या विमानानें आपल्या हवाई दलाचा अखेरचा निरोप घेतला. ओझरच्या परिसरांतील कित्येक कुटुंबांच्या चुली ज्यावर चालल्या, तें यंत्र परक्या देशांतील कारागिरांनीं पडद्यावर उभें केलें आहे आणि तें बरेंच मन लावून केलें आहे. या विमानाचीं सुकाणें मनुष्याच्या बळावर हालत नाहींत, तेलाच्या दाबावर हालतात. त्याकरितां दोन निराळ्या व्यवस्था असतात. एक फुटली तर वैमानिकाला सावध होण्यास अवसर मिळतो. दोन्हींतील तेल गेलें कीं शेपटाचा आडवा पंख जेथल्या तेथें राहतो आणि दांडा हातांत असून नसल्यासारखा होतो. त्या क्षणीं शौर्याला करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. आसनासह बाहेर फेंकून घेणें एवढेंच उरतें. खेळांत हा अनुभव एकदां घेतलेल्या मुलाला, वर्तमानपत्रांत वैमानिक विमान सोडून बाहेर पडल्याची बातमी वाचतांना, तो भ्याला असेल काय, असा प्रश्न पडणार नाहीं. ही लहान गोष्ट नव्हे.

यंत्राविषयीं इतकें बारकाईनें पाहणारे हे खेळ, आंत बसलेल्या मनुष्यापाशीं आले कीं एकदम गरीब होतात. ऑक्टोबर १९१७ मध्यें सरदार हरदित सिंग मलिक हे इंग्रजांच्या हवाई दलांत सॉपविथ कॅमल हें विमान उडवीत असतां जर्मन विमानांच्या कचाट्यांत सांपडले. पायाला जखम झाली. विमानाच्या लांकडी-कापडी अंगावर मागाहून चारशेंवर छिद्रें मोजलीं गेलीं. कापडाला पडलेलें छिद्र हें नुसतें छिद्र असतें, हें त्या काळच्या विमानांचे खेळ बरोबर दाखवितात. पण रक्त वाहत असतां अंगांत आलेली थंडी, एक पाय निकामी झाल्यावर पायपट्टी दाबण्याची धडपड, हें कोठें आहे? पडद्याच्या कडा लाल होतात, दृष्टि अंधुक होते; एवढ्यावर बहुतेक खेळ थांबतात.

दुसरें उदाहरण आपल्या घरचें. दिलीप कमलाकर परुळकर यांच्या विमानाला १९६५ च्या युद्धांत शत्रूचा मारा लागला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. तुकडीच्या नायकानें विमान सोडून बाहेर पडण्याचा सल्ला दिला. त्यांनीं तें मोडकें विमान सुखरूप तळावर आणलें आणि त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालें. विमान उडविणाऱ्याचा उजवा हात म्हणजे दांड्यावरचा हात. त्या परतीच्या वाटेवर विमानाची जखम आणि मनुष्याची जखम अशा एकमेकींत गुंतलेल्या होत्या कीं एकीचें ओझें दुसरीवर पडत होतें. आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही खेळांत हा प्रवास जसाचा तसा खेळतां येईल असें आम्हांला वाटत नाहीं. परुळकर १९७१ मध्यें सुखोई-७ विमानांतून लढत असतां पाडले गेले व कैद झाले; ऑगस्ट १९७२ मध्यें रावळपिंडीच्या बंदिवासांतून दोन सोबत्यांसह निसटले आणि अफगाण सरहद्दीच्या अलीकडे पुन्हां सांपडले. ती कथा पुष्कळांना ठाऊक आहे. २०२५ च्या ऑगस्टांत ते निवर्तले.

त्याच डिसेंबरांत, त्याच जातीच्या विमानांतून, ५ तारखेस फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे शोरकोटवर हल्ला करण्यास गेले आणि परत आले नाहींत. त्यांचें नांव बेपत्तांच्या यादींत गेलें. बॅडमिंटनमध्यें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेल्या त्यांच्या पत्नी दमयंती तांबे यांनीं त्यांच्या शोधांत किती दशकें घालविलीं, हें वर्तमानपत्रें वाचणाऱ्यांस सांगावयाला नको. परुळकरांची कथा सांगावयाला परुळकर होते. वाल्डच्या तक्त्यांत ज्या जागा कोऱ्या राहतात, त्यांचा अर्थ आम्हांला या दोन मराठी नांवांजवळ जितका लख्ख कळला तितका कोणत्याही गणिताच्या पुस्तकावरून कळला नसता. सुखोई-७ हें मोठें चिवट विमान, असा त्याचा लौकिक आहे. शेपटाशीं क्षेपणास्त्र फुटूनही त्या युद्धांत एक सुखोई परत आल्याचें सांगतात. तो लौकिक खोटा नाहीं. पण तो परतलेल्यांनीं मिळवून दिलेला आहे, आणि खेळांतील विमानाची ताकद ठरवितांना शोरकोटचाही विचार झाला पाहिजे.

कोणी म्हणेल कीं हे खेळ आहेत, यांवर एवढा भार कशाला टाकतां? मुलाला करमणूक हवी असते, शोक नव्हे. हा आक्षेप आम्हांला अर्धाच पटतो. करमणूक असावी, पण हे खेळ स्वतःच्या अंगावर खरेपणाचा शिक्का मारून विकले जातात आणि युद्धाविषयींच्या आपल्या मुलांच्या कल्पना पाठ्यपुस्तकापेक्षां त्यांवरूनच अधिक बनतात. बहुतेक खेळांत लक्ष्य उद्ध्वस्त झालें कीं मोहीम फत्ते झाली; मग विमानाला आग लागलेली असली तरी बटण दाबून बाहेर पडावें. परतीचा प्रवास ऐच्छिक. जेथें खरी भीति सुरू होते नेमका तेथेंच पडदा पाडण्याची ही सोय आम्हांला त्या शेंकड्याच्या हिशेबाहून अधिक खोटी वाटते.

'इल-२' च्या नव्या खेळांत 'करिअर' म्हणून एक भाग आहे. त्यांत खेळाडूच्या वैमानिकाला जखम झाली, तो शत्रूच्या हद्दींत उतरून कैद झाला किंवा मेला, तर तें नोंदलें जातें, आणि मरणाबरोबर त्याची कारकीर्द संपावी असा नियमही आधीं निवडतां येतो. तुकडीच्या फळ्यावर सोबत्यांचीं नांवें असतात. मोहिमेगणिक त्यांतील कांहीं गळतात आणि नवीं येतात. या खेळांची निवड करणाऱ्या पालकांस आमची सूचना एवढीच कीं, मुलाला हाच भाग खेळावयास सांगावें, आणि विमान अभेद्य करून देणारी जी सवलत जवळजवळ प्रत्येक खेळांत असते ती बंद ठेवावी. नव्या खेळांना भारी संगणक लागतो. तो नसेल तर २००६ सालीं निघालेला 'इल-२ १९४६' हा जुना संग्रह साध्या घरगुती यंत्रावरही चालतो. त्याचीं चित्रें आतां जुनाट वाटतात, पण फुटलेल्या पंखाच्या विमानानें मनगट अजून तसेंच दुखतें.